आधी वस्तीत गेले, मग शाळा काढली
महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे जीवन



गरिबाला मदत करायची म्हटली की आपला हात आधी खिशाकडे जातो. त्यात वाईट काही नाही. पण ज्याला आपण मदत करतो तो राहतो कुठे, पाणी कुठून आणतो, त्याची मुले शाळेत जातात का आणि जात नसतील तर का जात नाहीत, हे विचारायला आपले पाय सहसा उचलत नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या मराठी मुलखात एक माणूस होऊन गेला. त्याने हा क्रम उलटा केला. तो आधी वस्तीत गेला, त्याने पाहिले, विचारले, मोजले, लिहून ठेवले, आणि मगच कामाला हात घातला. पुढे तर तो त्या वस्तीतच राहायला गेला. त्यांचे नाव विठ्ठल रामजी शिंदे. लोक त्यांना महर्षी म्हणतात, पण शाळेच्या पुस्तकातील एका ओळीपलीकडे त्यांची ओळख आपल्यापैकी फार थोड्यांना आहे. म्हणून आज त्यांच्याविषयी थोडे सविस्तर.

वारकरी घरातला मुलगा

विठ्ठलरावांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे झाला. जमखंडी तेव्हा एक लहानसे संस्थान होते, आज ते कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे. कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषा कानावर पडत तो वाढला. वडील रामजीबाबा संस्थानच्या नोकरीत होते, आईचे नाव यमुनाबाई. घराणे मराठा जातीचे आणि वारकरी पंथाचे. मुलाचे नाव पंढरीच्या देवावरूनच ठेवलेले. अभंग, कीर्तन आणि वारी यांच्या वातावरणात देवापुढे सगळी लेकरे सारखी, ही गोष्ट त्याने लहानपणीच ऐकली.

पण कीर्तनात ऐकलेले आणि गावात दिसणारे यात मोठे अंतर होते. महार आणि मांग यांची घरे गावकुसाबाहेर. सार्वजनिक विहिरीवर त्यांना पाणी भरता येत नसे. कोणी वरून ओतले तर प्यायचे, नाहीतर वाट पाहायची. मेलेली जनावरे ओढणे, सरकारी बोजे वाहणे, सांगावा पोचवणे ही कामे त्यांच्या वाट्याला, आणि मोबदल्यात दारोदार मागून आणलेली भाकरी. शाळेचे दार तर त्याहून घट्ट बंद होते. १८५६ मध्ये जमखंडीपासून फार दूर नसलेल्या धारवाडमध्ये एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला होता. तो नाकारला गेला. प्रकरण वरपर्यंत गेले आणि सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असाव्यात असे धोरण ठरले. पण धोरण कागदावर राहिले. प्रत्यक्षात अस्पृश्य मुलाला पडवीत किंवा अंगणात बसावे लागे, आणि शिक्षक त्याच्या पाटीला हात लावत नसे. वर्गात काय चालले आहे ते त्याने बाहेरून ऐकायचे. अशा रीतीने किती मुले शिकणार?

घरातच पाहिलेले दुःख

विठ्ठलरावांना दुःखाची पहिली ओळख मात्र पुस्तकातून किंवा महारवाड्यातून झाली नाही. ती घरातच झाली. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचे स्वतःचे लग्न लहानपणीच रुक्मिणीबाईंशी झाले होते. बहीण जनाक्का हिचेही तसेच. पण जनाक्काच्या वाट्याला सासरचा छळ आला. अशा मुलीने निमूटपणे सोसावे, हीच लोकांची अपेक्षा असे. विठ्ठलरावांनी तिला परत आणले आणि पुण्यात शिकवले. हीच जनाक्का पुढे त्यांच्या कामात खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

१८९३ मध्ये विठ्ठलराव पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. घरची गरिबी होती. गंगारामभाऊ म्हस्के यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या मराठा शिक्षण संस्थेने आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली. १८९८ मध्ये ते बी. ए. झाले. नंतर वकिलीचा अभ्यास सुरू केला. वकील झाले असते तर घरचे दारिद्र्य फिटले असते. पण याच काळात ते प्रार्थना समाजाकडे ओढले गेले. एकच ईश्वर, मूर्तिपूजा नाही, जातिभेद नाही, अशी त्या समाजाची शिकवण. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे त्यात होती. विठ्ठलरावांनी वकिलीचा नाद सोडला आणि धर्मप्रचारक होण्याचे ठरवले. घरच्या मंडळींना काय वाटले असेल याची कल्पना आपण करू शकतो. एकुलता एक शिकलेला आधार, आणि त्याने पोट भरण्याचा मार्ग सोडून ही वाट धरली.

ऑक्सफर्डची दोन वर्षे

१९०१ मध्ये ते इंग्लंडला ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात गेले. हे कॉलेज युनिटेरियन पंथाचे होते. परमेश्वराच्या त्रैक्याविषयी त्या पंथाचे मत आपल्या श्रद्धेपेक्षा वेगळे आहे. पण सर्व धर्मांचा शांतपणे अभ्यास करण्याची तेथील परंपरा मोठी होती. धर्मांच्या तौलनिक अभ्यासात नावाजलेले एस्टलिन कार्पेंटर तेथे शिकवत असत. विठ्ठलरावांनी बौद्ध धर्म, पाली भाषा आणि समाजशास्त्र यांचा अभ्यास केला. एखाद्या समाजाविषयी बोलायचे तर आधी त्याची माहिती गोळा करायची, आपले मत बाजूला ठेवून पुरावा तपासायचा, ही शिस्त त्यांनी तेथे अंगी बाणवली. सप्टेंबर १९०३ मध्ये ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या उदार धर्माच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी भारतातील उदार धर्माविषयी निबंध वाचला, आणि त्याच वर्षी ते मायदेशी परतले.

परदेशात शिकून आलेला तरुण पुढे मोठ्या व्यासपीठांवर रमतो. विठ्ठलराव मुंबईला प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून रुजू झाले आणि त्यांनी ऑक्सफर्डची ती शिस्त आपल्याच देशाच्या सर्वात दुर्लक्षित माणसांकडे वळवली.

पाहणी

समाजाच्या प्रचारासाठी त्यांना देशभर फिरावे लागे. जेथे जातील तेथे ते व्याख्यान झाल्यावर अस्पृश्यांच्या वस्तीची चौकशी करत. वस्तीत किती घरे, लोक काय काम करतात, पाण्याची सोय काय, मुलांसाठी शाळा आहे का, असल्यास शिक्षक कोण, मुले किती दिवस टिकतात. त्यांनी सरकारी शिरगणतीचे अहवाल चाळले. त्यात वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या नावांनी विखुरलेल्या जाती होत्या. इकडे महार, मांग, चांभार, ढोर. गुजरातेत ढेड आणि भंगी. दक्षिणेत परैया आणि होलेया. हे सगळे आकडे एकत्र मांडले तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. हा प्रश्न गावाच्या कडेला राहणाऱ्या चार-दोन घरांचा नव्हता. देशातील कोट्यवधी माणसे माणुसकीच्या बाहेर ठेवलेली होती. ही माहिती त्यांनी लेखांतून मांडली आणि बहिष्कृत भारत या नावाची पुस्तिकाही लिहिली. पुढे १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या पाक्षिकाला हेच नाव दिले.

सयाजीराव महाराजांनी आपल्या बडोदे संस्थानातील अस्पृश्यांच्या शाळा पाहून अहवाल देण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. या शाळा १८८०च्या दशकातच सुरू झाल्या होत्या. राजाची इच्छा होती, पैसा होता, हुकूम निघाला होता. तरीही त्या मुलांना शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. यातून काय दिसते? शाळेची इमारत बांधली म्हणजे शाळा झाली असे नाही. मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला शिक्षक तयार नसेल, तर इमारत आणि पाटी-पेन्सिल घेऊन काय करायचे?

अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) त्यांना दुसरे एक चित्र दिसले. तेथे ख्रिस्ती मिशनऱ्यांनी महार-मांग मुलांसाठी कित्येक वर्षांपासून शाळा चालवल्या होत्या. विठ्ठलराव ख्रिस्ती झाले नाहीत, पण या कामाचे मोल त्यांनी मोकळेपणाने मानले. परदेशातून आलेली माणसे हे करतात आणि आपण मात्र हात झटकतो, ही टोचणी त्यांच्या मनाला लागली. १९०५ मध्ये अहमदनगरजवळच्या भिंगार येथे अस्पृश्य मंडळींनी रात्री सभा भरवली आणि त्यांना बोलावले. दिवसभर राबून थकलेली माणसे रात्री उशिरा जमली होती. त्यांचे म्हणणे ऐकून विठ्ठलरावांनी त्याच रात्री मनाशी पक्के केले, की यापुढचे आयुष्य या कामाला द्यायचे.

परळची शाळा

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी, दिवाळीच्या दिवसांत, मुंबईत परळ येथे मोरारजी वालजी यांच्या बंगल्यात अस्पृश्य मुलांसाठी शाळा उघडली आणि डिप्रेस्ड क्लासेस मिशन या संस्थेची स्थापना झाली. मराठीत तिचे नाव भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी असे होते. सर नारायण चंदावरकर अध्यक्ष झाले, विठ्ठलराव सरचिटणीस. दामोदरदास सुखडवाला यांनी सुरुवातीला हजार रुपये दिले. संस्थेने चार गोष्टी ठरवल्या: शिक्षण देणे, कामधंदा मिळवून देणे, सामाजिक अडचणी दूर करणे आणि उदार धर्माचे व चांगल्या नागरिकत्वाचे संस्कार करणे.

परळच का? कारण ते गिरण्यांचे परळ होते. कोकणातून आणि घाटावरून पोट भरायला आलेली हजारो माणसे तेथील चाळींच्या एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. शहरात आले म्हणजे जात गावी राहील असे त्यांना वाटले असावे. पण ती गिरणीच्या फाटकातून आत आली होती. कापड विणण्याच्या खात्यात मजुरी जास्त मिळे, पण तेथे अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातील सूत तुटले की नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचे ओठ लागलेल्या धोट्याला सवर्ण विणकर तोंड लावायला तयार नसे. त्यामुळे त्यांच्या वाट्याला कमी पगाराची कामे. घरात पैसा कमी म्हणून मूल लवकर कामाला, आणि मूल कामाला म्हणून शाळा नाही. बापाच्या पगाराची आणि मुलाच्या शाळेची गाठ अशी बांधलेली होती. संस्थेने शिक्षणाच्या जोडीला कामधंद्याचा हेतू का ठेवला, हे यावरून समजते. मुलांना पुस्तके बांधणे, जोडे शिवणे असे हातचे कामही शिकवले जाऊ लागले.

या कामात विठ्ठलराव एकटे नव्हते. रुक्मिणीबाई आणि जनाक्का वस्तीत राहायला आल्या. सय्यद अब्दुल कादर नावाचे मुसलमान सहकारी मुलांचे शिक्षक आणि पालक झाले. अस्पृश्यांच्या आतही उतरंड होती. महार मांगाच्या हातचे खात नसे आणि चांभार महाराला आपल्यापेक्षा खालचा समजे. या सगळ्यांची मुले एका छपराखाली, एका पंगतीत बसवायची म्हणजे तोंडी उपदेश पुरेसा नव्हता. चालकांच्या घरची माणसे त्याच पंगतीत बसली तरच ते जमणार होते. ती बसली. विठ्ठलरावांच्या जातभाईंनी त्यांना दूर लोटले, आणि त्यांच्या जेवणाखाण्याची कुचेष्टा झाली, ती याच पंगतीपायी.

सहा वर्षांत मिशनच्या शाखा अनेक गावांत निघाल्या, वीसहून अधिक शाळा सुरू झाल्या आणि त्यांत हजारावर मुले शिकू लागली.

पुण्याचे वसतिगृह

१९१२ मध्ये विठ्ठलराव मुंबई सोडून पुण्याला आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या अध्यक्षतेखाली तेथे अस्पृश्यता निवारणासाठी परिषद भरली. संस्कृतचे एवढे मोठे पंडित या प्रश्नासाठी व्यासपीठावर बसले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पुण्यात विठ्ठलरावांनी वसतिगृहावर भर दिला. दिवसाची शाळा पुरत नाही हे त्यांनी अनुभवाने पाहिले होते. शाळा सुटल्यावर मूल ज्या खोपटात परत जाई तेथे दिवा नसे, बसायला जागा नसे, धाकट्या भावंडाला सांभाळायचे असे. खेड्यातील हुशार मुलाला तर पुढे शिकण्यासाठी शहरात यावे लागे, पण शहरात त्याला भाड्याने खोली कोण देणार? म्हणून राहण्याची, जेवणाची आणि अभ्यासाची सोय एकत्र हवी होती. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी वीस हजार रुपये दिले. पुणे नगरपालिकेने जागा दिली. अहिल्याबाई होळकरांच्या स्मरणार्थ नाना पेठेतील त्या जागेला अहिल्याश्रम असे नाव मिळाले. विठ्ठलराव स्वतः कुटुंबासह अशाच वस्त्यांत राहिले. प्लेग असो की पाण्याची टंचाई, जे शेजाऱ्यांना तेच त्यांना.

ठराव आणि सही

एकट्या शाळांनी प्रश्न सुटणार नाही हे त्यांना दिसत होते. ज्या पुढाऱ्यांच्या मागे देश जात होता त्यांनी या पापाविरुद्ध उघडपणे बोलले पाहिजे, यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. १९१७ मध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनात, ॲनी बेझंट अध्यक्ष असताना, राष्ट्रीय काँग्रेसने अस्पृश्यांवरील बंधने दूर करावीत असा ठराव प्रथमच मंजूर केला. काँग्रेस स्थापन होऊन तेव्हा बत्तीस वर्षे झाली होती.

मार्च १९१८ मध्ये मुंबईत सयाजीराव महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय अस्पृश्यता निवारण परिषद भरली. लोकमान्य टिळकही आले आणि त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार भाषण केले. त्यानंतर एक जाहीरनामा पुढे आला. आपण स्वतः दैनंदिन व्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही, असे त्यात होते. अनेकांनी सह्या केल्या. टिळकांनी केली नाही. त्यांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. सभेतले भाषण आणि घरातला व्यवहार यांच्यामध्ये केवढी दरी असते, आणि ती मोठमोठ्यांनाही ओलांडता येत नाही, एवढेच यातून घ्यायचे. विठ्ठलरावांनी तो जाहीरनामा नुसत्या ठरावावर न थांबवता सहीपर्यंत नेला. हे काम आपल्या उंबरठ्याच्या आत सुरू होते हे त्यांना ठाऊक होते.

सर्वात कठीण पायरी

आता त्यांच्या जीवनातील जो भाग सांगायचा आहे तो मला सर्वात महत्त्वाचा वाटतो.

१९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणारी साउथबरो समिती आली. अस्पृश्यांच्या वतीने तिच्यापुढे कोणी बोलावे? मिशनच्या वतीने विठ्ठलरावांनी साक्ष दिली. दुसरी साक्ष होती सिडनहॅम कॉलेजातील सत्तावीस वर्षांच्या एका प्राध्यापकाची, भीमराव रामजी आंबेडकर यांची. कायदेमंडळात अस्पृश्यांचे प्रतिनिधी असावेत हे दोघांनाही मान्य होते. पण ते कसे यावेत यावर मतभेद होता. निवडून आलेल्या इतर सभासदांनी अस्पृश्यांचे प्रतिनिधी घ्यावेत, असा मिशनचा विचार होता. आंबेडकरांनी त्यावर कडक टीका केली. आमचे प्रतिनिधी आम्हीच निवडणार, दुसऱ्यांनी आमच्यासाठी निवडून देणे म्हणजे पुन्हा आम्हाला दुसऱ्याच्या दारात उभे करणे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

विचार केला तर आंबेडकरांचे म्हणणे बरोबर होते. अस्पृश्य समाजात पुढारी नव्हते असे कधीच नव्हते. गोपाळबाबा वलंगकरांनी विठ्ठलरावांच्या आधी लेखणी उचलली होती. पुण्यात शिवराम जानबा कांबळे आपल्या समाजासाठी सरकारकडे अर्ज करत होते. आणि आता नवी शिकलेली पिढी तयार झाली होती. वीस वर्षे मुलांना वाचायला, लिहायला आणि विचार करायला शिकवले, की ती मुले मोठी होऊन शिकवणाऱ्यालाच प्रश्न विचारणार. शिक्षण खरे असेल तर असेच झाले पाहिजे.

मिशनचा कारभार आमच्या हाती द्या अशी मागणी पुढे आली. ज्या संस्थेसाठी वकिली सोडली, नातेवाईक तुटले, बायको-बहिणीने हाडे झिजवली, तिच्याच अंगणात आपल्याविषयी अविश्वास बोलला जातो, हे ऐकणे सोपे नाही. विठ्ठलरावांना त्याचे दुःख झाले. तरीही १९२३ मध्ये त्यांनी सरचिटणीसपद सोडले. संस्था आपल्या नावाने आणि आपल्या ताब्यात राहावी म्हणून ते अडून बसले नाहीत. ब्राह्म समाजाचे आचार्य म्हणून ते मंगळूरला गेले, आणि १९२४ मध्ये केरळात वैकोम येथे मंदिराभोवतीच्या रस्त्यांसाठी सत्याग्रह चालू होता तेथेही पोचले.

ज्याचे दुःख आहे त्याने ते स्वतःच्या तोंडाने सांगितले पाहिजे. दुसऱ्याने त्याच्या दुःखाचा कितीही प्रामाणिक अभ्यास केला तरी तो अभ्यास म्हणजे त्याचा आवाज नव्हे. अभ्यास करणाऱ्याने वाट मोकळी करायची आणि बाजूला व्हायचे. समाजसेवा करणाऱ्या प्रत्येकाला, आणि आम्हा धर्मगुरूंना तर विशेषच, ही पायरी जड जाते.

शेवटपर्यंत विद्यार्थी

पद सोडले तरी त्यांचा शोध संपला नाही. अस्पृश्यता आली कोठून, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. जातींची नावे, गावांच्या जुन्या चालीरीती, बौद्ध ग्रंथ, शिलालेख यांतून ते मागोवा घेत राहिले. ब्रह्मदेशात पगोड्यांच्या सेवेला पिढ्यान्‌पिढ्या जुंपलेल्या लोकांना समाज बाहेरचे मानतो हे कळल्यावर, ते पाहण्यासाठी १९२७ मध्ये ते तिकडे गेले. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. १९३० मध्ये सविनय कायदेभंगात भाग घेतल्याबद्दल त्यांना येरवड्याच्या तुरुंगात राहावे लागले. १९३३ मध्ये त्यांचा भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आज ज्या समाजांना हीन मानले जाते ते एकेकाळी स्वतंत्र आणि मानी समाज होते, पराभवाने आणि बहिष्काराने त्यांना या अवस्थेला आणले, असा विचार त्यांनी त्यात मांडला. त्यांचे सगळेच निष्कर्ष आजचे अभ्यासक मान्य करतील असे नाही. पण अस्पृश्यता ही देवाची किंवा निसर्गाची व्यवस्था नसून ती माणसांनी घडवलेली आहे, आणि म्हणून माणसांना ती मोडता येते, ही त्यांची मूळ भूमिका पक्की राहिली.

अखेरची वर्षे आजारपणात गेली. ब्राह्मणांना ते आपले वाटले नाहीत. ब्राह्मणेतरांना ते काँग्रेसचे वाटले, आणि अस्पृश्यांना शेवटी सवर्ण वाटले. १९२० मध्ये कायदेमंडळाच्या निवडणुकीत मराठ्यांसाठी राखलेली जागा सोडून ते सर्वसाधारण जागेवर उभे राहिले आणि पडले, यावरून त्यांचा स्वभाव कळतो. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तीनच वर्षांनी देश स्वतंत्र झाला आणि सहा वर्षांनी अमलात आलेल्या राज्यघटनेने सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली.

आपल्यासाठी काय?

कायद्याने ती नष्ट झाली. २०११च्या जनगणनेत देशातील दर सहा माणसांत एक अनुसूचित जातींपैकी होता. देशाची साक्षरता तेव्हा शेकडा ७३ होती, अनुसूचित जातींची ६६. विठ्ठलरावांच्या काळाच्या मानाने हा केवढा मोठा पल्ला आहे! पण त्या सात टक्क्यांच्या फरकात कितीतरी मुले आणि विशेषतः मुली उभ्या आहेत, हे विसरून चालणार नाही.

आणि बोट दुसऱ्याकडे दाखवण्याआधी आपल्या अंगणात पाहू या. ख्रिस्तसभेच्या दारात जात आपोआप गळून पडते असे नाही. भारतातील आपल्या महागुरुस्वामींनी २०१६ मध्ये दलितांच्या सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा ख्रिस्तसभेतही हा भेदभाव आहे हे दुःखाने मान्य केले. लग्न जुळवताना आपण काय विचारतो? गावाकडून कामासाठी आलेले ख्रिस्ती कुटुंब मिस्साला मागच्या बाकावर का बसते? आपल्या धर्मग्रामातील गटारे कोण साफ करतो, त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे का, आणि त्याची मुलगी कितवीत आहे?

प्रभू येशूच्या दाखल्यातील याजकालाही जखमी माणूस दिसला होता. पण तो रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने गेला. शोमरोनी जवळ गेला, म्हणून त्याला जखमा दिसल्या, आणि म्हणून तेल आणि पट्टी कुठे लावायची हे कळले. विठ्ठल रामजी शिंदे हे असे जवळ जाणारे होते.

येत्या आठवड्यात आपल्या विभागातील एका तरी घरी, जेथे आपण कधी गेलो नाही, तेथे जाऊन बसू या. काही द्यायला नको, उपदेश करायला नको. पाणी दिले तर पिऊ या, मुलांच्या शाळेची चौकशी करू या आणि ते जे सांगतील ते ऐकू या. पुढे काय करायचे ते त्यांच्याच बोलण्यातून कळेल.